झेंडूखालचा दगड

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावातल्या लोकांचा नेम फार चांगला होता. इतका चांगला, की त्या गावात गायला कुणी तयार होत नसे.

नेमाचा आणि गाण्याचा काय संबंध, असं कुणी विचारेल. त्या गावात होता.

देवीच्या देवळापुढे एक दगडी चौथरा होता. सुगी उरकली की जत्रा भरायची, आणि जत्रेच्या दिवशी, ऊन डोक्यावर यायच्या आधी, गाणारी त्या चौथऱ्यावर उभी राहून देवीची तीन कडवी गायची. गाणं संपलं की लोक झेंडूची फुलं तिच्या अंगावर वाहायचे. ज्याचं फूल तिच्या पदरात अडकेल त्याचं मागणं देवी पुरं करते, असा समज होता. समजात वाईट काही नव्हतं. फुलाला वजन किती, आणि लागून लागणार किती!

पण पुढच्या ओळीत बसायचे गावातले पाच थोरले. त्यांची फुलं पोचायची. मागच्यांची वाटेतच पडायची. मग मागच्या एकानं डोकं चालवलं आणि झेंडूच्या पोटात सुपारी बांधली. ते फूल गेलं थेट पदरात. दुसऱ्या वर्षी सगळ्यांनी सुपाऱ्या बांधल्या. मग थोरल्यांना वाटलं, मागचे आपल्या पुढे जातात म्हणजे काय? त्यांनी खोबऱ्याच्या वाट्या बांधल्या. असं करत करत नदीतला गोटा आला. वरून झेंडू, त्याला लाल दोरा, आत गोटा. गाणं संपेपर्यंत थांबायचंही हळूहळू मागं पडलं, कारण आधी लागेल त्याचं देवी आधी ऐकते, असं कुणीतरी ठरवून टाकलं होतं.

एवढं सगळं बदललं, एक गोष्ट बदलली नाही. त्याला सगळे फूलच म्हणत.

नऊ वर्षांपूर्वी अशाच एका फुलानं गाणारीचा डावा डोळा गेला. फूल होतं कारभाऱ्याचं. कारभारी म्हणजे पाच थोरल्यांतला मुख्य. थोरले पारावर बसले, पान खाल्लं आणि निवाडा दिला, की गाणारीनं मान वळवायला नको होती. त्या वर्षी कारभाऱ्याच्या विहिरीला पाणी लागलं. गावानं त्याचं तोंड गोड केलं. गाणारीकडे कुणी गेलं नाही.

त्या गाणारीची भाची हौसा. आईबाप नव्हते, आत्यानंच वाढवलेली. ती लहान होती तोवर जत्रा गाण्यावाचूनच भरली. आता गायची पाळी हौसाची होती.

कारभारी स्वतः दारात येऊन सांगून गेला होता. "गाणारीच्या घरानंच गायचं, हा रिवाज आहे. नाही गायलीस तर देवी कोपेल."

"आणि देवी नाही कोपली तर?" हौसानं विचारलं.

"तर आम्ही कोपू," कारभारी म्हणाला. "पाणवठा बंद. बघ बाई, तुझी मर्जी."

म्हणून हौसा गाणं शिकली. म्हणजे गाणं थोडं आणि बाकीचं जास्त. आत्या तिला शिकवायची, उजवा खांदा पुढं ठेव. पदराखाली चुंबळ बांध, घागरीखाली घेतो तीच, म्हणजे टाळू वाचेल. लोकांची तोंडं बघू नको, हात बघ. ज्याचा हात मागं गेला त्याच्याकडे बघ.

"आणि सूर?" हौसा विचारायची.

"सूर लागला तर लागला."

दोन कडवी आत्यानं अशी शिकवली. तिसरं कडवं मात्र शिकवताना तिनं स्वतःचा चांगला डोळा मिटून घेतला. ते कडवं डोळे मिटूनच म्हणायचं होतं. श्वास पार तळापासून घ्यावा लागायचा, आणि डोळे उघडे असले की तो छातीतच अडकायचा. गावानं ते कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. डोळे मिटायची हिंमत कुणाला होणार?

"शिकून ठेव," आत्या म्हणाली. "गायचं नाही."

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी हौसा पाण्याला निघाली. देवळामागे पोरांचा गलका चालला होता. पोरांनी एक काठी रोवली होती, तिच्यावर भोपळा खोचला होता. भोपळ्याला काजळाचे डोळे होते, कपाळाला कुंकू होतं आणि डोक्यावर एका फाटक्या लुगड्याचा तुकडा होता. पोरं पंचवीस पावलांवरून नेम धरत होती. भोपळ्याचा एक डोळा आत गेला होता आणि तिथून पिवळा गर खाली ओघळत होता.

हौसाच्या काखेतली घागर निसटता निसटता राहिली.

"हौसाक्का!" एक पोर पळत आली. चिमी, कारभाऱ्याची नात, सहा-सात वर्षांची. "उद्या तू गाणार ना? मी तुझ्यासाठी फूल बांधलंय. दाखवू?"

तिनं ओच्यातून झेंडू काढला. टपोरा, केशरी, लाल दोऱ्यानं घट्ट आवळलेला. हौसानं तो हातात घेतला आणि तिचा हात वजनानं खाली गेला.

"लई गोल आहे आतला," चिमी कौतुकानं म्हणाली. "आजोबांनी नदीतून शोधून दिला. म्हणाले, गोल असला की सरळ जातो."

"काय मागणार आहेस गं?"

"आईचा खोकला जावा. रात्रभर खोकते. रक्त पण पडतं." मग तिनं हौसाच्या कपाळाकडे नीट बघितलं, भोपळ्याकडे बघावं तसं. "तू हलू नकोस हं, हौसाक्का. हललीस तर माझा चुकेल."

वैद्य दोन कोसांवर राहत होता. कारभाऱ्याकडे बैलगाडी होती. पण फूल लागलं की खोकला जाणारच आहे, तर बैलांना त्रास कशाला द्या!

हौसानं फूल परत दिलं. पाणी न भरताच घरी आली आणि दाराला कडी लावून बसली. रागावलेल्या माणसाला चुकवता येतं, त्याच्या तोंडावर कळतं. ही पोर तर प्रेमानं मारणार होती. आणि तिच्यासारखी तीनशे.

"आत्या, आपण पळून जाऊ."

"कुठं?"

आत्यानं चुलीत फुंकर मारली. मग म्हणाली, "माझी आजी गायची तेव्हा चौथऱ्यावर ती एकटी नसायची. शेजारी कारभारी उभा असायचा. देवीचा मोठा दिवा दोन्ही हातांत धरून, तिन्ही कडवी होईपर्यंत. दिव्याचा मान म्हणायचे त्याला."

"मग आता का नाही?"

आत्या हसली. तिच्या हसण्यात गंमत काहीच नव्हती. "फुलं जड झाली तसे कारभाऱ्यांचे गुडघे दुखायला लागले."

जत्रेचा दिवस उजाडला. हौसानं पदराखाली चुंबळ बांधली आणि चौथरा चढली. एकूण सहा पायऱ्या. चौथ्या पायरीवर तिला वाटलं, आपण आता पडणार. ती वर पोचली आणि वळली.

समोर सगळं केशरी होतं. बायकांच्या ओट्यात, पोरांच्या मुठीत, म्हाताऱ्यांच्या पायाशी, जिकडं बघावं तिकडं झेंडू. पुढच्या ओळीत घोंगड्या अंथरून पाच थोरले बसले होते, प्रत्येकाच्या पुढ्यात ढीग. इतका सुंदर देखावा त्या मुलखात दुसरा नसेल.

"कर सुरू," कारभारी म्हणाला. "ऊन चढतंय."

"कारभारीबाबा, एक मागणं आहे."

थोरल्यांत खसखस पिकली. "मागणं असेल तर खाली ये, फूल घे आणि फेक," एक म्हातारा म्हणाला. "वरून मागता येत नाही."

"मला रिवाज हवाय," हौसा म्हणाली. आवाज कापत होता, तरी मागच्या ओळीपर्यंत गेला. गाणारीचा आवाज होता तो. "दिव्याचा मान. कारभाऱ्यानं दिवा धरून गाणारीशेजारी उभं राहायचं, तिन्ही कडवी. माझ्या पणजीच्या वेळी होतं. माझी आत्या अजून आहे साक्षीला."

"जुन्या गोष्टी त्या," कारभारी म्हणाला.

"गाणारीच्या घरानंच गायचं, ही पण जुनीच गोष्ट आहे."

मागून कुणीतरी हसलं. मग एक म्हातारी उठून म्हणाली, "खरं आहे पोरीचं. माझ्या सासूनं बघितला होता दिवा." मग दुसरी उठली. कारभाऱ्यानं चाळीस वर्षं गावाला रिवाज शिकवला होता. कुणी कुठल्या आळीत पाणी भरायचं, कुणी कुणाच्या दारात चपला काढायच्या, सगळं. आता तीनशे माणसं त्याच्याकडे बघत होती आणि त्याला नाही म्हणता येईना.

पण तोही कच्चा नव्हता. उठता उठता त्यानं बजावलं, "पहिल्या फुलाचा मान माझा आहे. माझे हात दिव्यात अडकणार. तेव्हा पहिलं फूल माझी नात फेकेल. मान घरातच राहिला पाहिजे. तिच्या आधी कुणी हात चालवायचा नाही."

त्यानं हिशेब केला होता. सहा वर्षांच्या पोरीच्या हातात जोर तो किती? फूल वरपर्यंत पोचणारच नाही.

देवळातला पितळी दिवा आणला. जड होता, दोन्ही हातांनीच धरावा लागे. कारभारी हौसाच्या शेजारी उभा राहिला आणि त्यानं समोर बघितलं.

चाळीस वर्षं त्यानं हा चौथरा खालून बघितला होता.

हौसानं पहिलं कडवं सुरू केलं. आत्यानं शिकवल्याप्रमाणं ती हातांकडे बघत होती. हात उचलले गेले होते, सगळेच्या सगळे. पण पहिलं फूल पडेपर्यंत फेकता येत नव्हतं, म्हणून ते तसेच उचललेले होते. तीनशे हात, हवेत थांबलेले. एरवी निदान एक गोटा यायचा, मग दुसरा यायचा. हे असं वाट बघणं तिनं कधी ऐकलंही नव्हतं. शेजारून किणकिण ऐकू येत होती. दिव्याची साखळी होती ती.

"हौसे," तो ओठ न हलवता पुटपुटला, "लवकर संपव."

ती गात राहिली. दुसरं कडवं संपत आलं तशी चिमी पुढं आली. तिनं एक पाय मागं घेतला, भोपळ्यापुढं घ्यायची तसा. हात मागं नेला आणि मग ती थांबली. तिनं आजोबांकडे बघितलं. दुसरं कडवं संपलं होतं, हौसा श्वास घेत होती, आणि देवळापुढं कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

"आजोबा," चिमी म्हणाली, "तुम्ही का भिताय?"

कारभाऱ्यानं दिवा आणखी घट्ट धरला.

"फूलच आहे ना?"

सगळ्या गावानं ऐकलं. सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघू लागलं. तो गोटा त्यानं स्वतः नदीतून निवडून आणला होता. त्याला फक्त एक शब्द बोलायचा होता, आणि तो शब्द त्याला ठाऊक होता. पण तो बोलला असता तर नऊ वर्षांपूर्वीचा डोळा, पारावरचा निवाडा, गोड केलेलं तोंड, सगळं त्या शब्दाबरोबर बाहेर आलं असतं. मोठ्या माणसांना मार परवडतो, हे परवडत नाही.

"फूलच आहे, बाळ," कारभारी म्हणाला.

पोरीचं समाधान झालं. आजोबा खोटं कशाला बोलतील? तिनं फेकलं.

फेकलं हौसावर, पण हात लहान होता आणि गोटा जड. तो तिरका निघाला. हौसाला दिसलं, की तो आपल्याकडे येत नाहीये. तो दिव्यामागच्या त्या म्हाताऱ्या तोंडाकडे, सरळ त्याच्या डोळ्याकडे चालला होता. अंगातला श्वास सुटल्यासारखं झालं तिला. आपण वाचलो! नुसतं उभं राहायचं. काहीच करायचं नाही. आत्याच्या डोळ्याची परतफेड आपसूक होत होती.

मग तिला चिमीचं तोंड दिसलं. ओठ हलत होते. पोर मागणं मागत होती.

हौसाचा हात गेला. कारभाऱ्यासाठी नाही गेला, हे नीट लक्षात ठेवावं. सहा वर्षांच्या पोरीच्या हातून माणूस आंधळा होऊ नये, म्हणून गेला.

गोटा तिच्या बोटांवर आदळला, काहीतरी कट्‌ वाजलं, आणि तो उडून कारभाऱ्याच्या भुवईला लागला. दिवा खाली पडला. कारभारी गुडघ्यावर बसला. भुवई फाटून रक्त डोळ्यात उतरलं. झेंडूच्या पाकळ्या सुटून चौथऱ्यावर पसरल्या आणि त्यांच्या मधोमध गोटा उघडा पडला. काळा, गोल, ओला. सगळ्यांनी बघितला. जसा काही पहिल्यांदाच बघत होते.

पुढच्या ओळीतला एक थोरला म्हणाला, "आधी हिच्या हाताला लागलं. म्हणजे मागणं धरायचं का?"

खरंच असं म्हणाला. दुसऱ्यानं त्यावर मान डोलावून विचार सुरू केला.

चिमी किंचाळत पायऱ्या चढली. "आजोबा, फूल होतं ना? तुम्ही म्हणालात फूल होतं!" तिनं आजोबांच्या रक्ताला हात लावला, मग स्वतःच्या हाताकडे बघितलं, मग हौसाकडे वळून म्हणाली, "हौसाक्का, आता माझी आई बरी होईल ना?"

हौसाला उत्तर द्यायला वेळ नव्हता. तिनं समोर बघितलं. पहिलं फूल पडलं होतं. आता सगळ्यांना मोकळीक होती. हात अजून वर होते. मागच्यांना तर काय झालं ते दिसलंही नव्हतं, त्यांना एवढंच कळलं होतं, की पहिलं झालं. चौथऱ्यावर एक म्हातारा, एक पोर आणि ती. पळायला सहा पायऱ्या, आणि त्या गर्दीतच उतरत होत्या.

मागून एक फूल आलंच. पायरीवर आपटलं, टण्ण.

हौसानं चिमीला ओढून पदराखाली घेतलं, गर्दीकडे पाठ न करता. बोटं पेटल्यासारखी दुखत होती. पोर हमसून हमसून रडत होती. तिला गप्प करायला हौसाजवळ एकच गोष्ट होती. तिनं डोळे मिटले आणि तिसरं कडवं म्हटलं.

*रिते माझे हात, आई, रिती माझी झोळी,*
*रित्या हाती आले त्याला घे गं तू जवळी.*

एवढंच होतं ते. दोन ओळी, पुन्हा पुन्हा म्हणायच्या.

डोळे मिटलेले असताना भीती कमी होते असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी मिटून बघितलेले नाहीत. पहिल्या ओळीलाच तिला समोरून आवाज आला. धप्प. तिचं सगळं अंग आक्रसलं. लागलं नाही. पुन्हा धप्प. मग डावीकडून धप्प, मग धप्पधप्प, मग लांबून, जवळून, सगळीकडून. दर आवाजाला तिला वाटे, हा लागणार. डोक्याला लागणार, पोरीला लागणार. ती गात राहिली, कारण थांबली असती तर डोळे उघडावे लागले असते. कितीदा म्हटलं, तिला आठवत नाही. शेवटी आवाज बंद झाले.

चौथऱ्याखालून आत्याचा आवाज आला. नऊ वर्षांत ती जत्रेला आली नव्हती. "हौसे. उघड डोळे."

तिनं उघडले. एकही फूल चौथऱ्यावर आलेलं नव्हतं. ती सगळी खाली पडली होती, ज्याची त्याच्या पायाशी. माणसं रिकामे हात घेऊन उभी होती आणि त्या हातांचं काय करावं, हे कुणाला कळत नव्हतं.

कारभाऱ्याचा डोळा वाचला. आत्याचा वाचला नव्हता, एवढाच काय तो फरक. हौसाची दोन बोटं कायमची वाकडी राहिली. चिमीच्या आईला दुसऱ्याच दिवशी बैलगाडीतून वैद्याकडे नेलं. गाडी मागायला हौसा गेली होती, आणि कारभाऱ्यानं बैल जुंपून दिले, खाली बघत.

पुढच्या वर्षी जत्रेआधी थोरले पारावर बसले. अगदीच काही नाही म्हणजे बरं दिसत नाही, एकजण म्हणाला, निदान सुपारी तरी असावी. गावातल्या बायका-पोरांनी उत्तर पाठवलं, की सुपारी चालेल. फक्त ज्याला फेकायचीय त्यानं आधी दिवा धरून चौथऱ्यावर तिन्ही कडवी उभं राहायचं.

त्या दिवशी पाचही थोरल्यांचे गुडघे दुखत होते.

हौसा गायली. तिसरं कडवं डोळे मिटून गायली. अंगावरून साधं पाखरू उडालं तरी ती अजून दचकते, ते काही गेलं नाही. ते जाणारही नाही.

तात्पर्य हवंच असेल तर हे घ्या: फेकायला हात उचलण्याआधी एकदा समोर जाऊन उभं राहा आणि तिथून बघा. आणि पोरांच्या हातात दगड देऊन त्याला फूल म्हणणारे जे मोठे असतील, त्यांना सगळ्यात आधी उभं करा.